चौथं रीळ

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या रीळमामांना तुम्ही ‘कसं काय?’ विचारलंत, तर ते ‘ठीक’ म्हणत नाहीत. ‘फोकसमध्ये आहे,’ म्हणतात. तब्येत बरी नसली तर ‘जरा हलतंय.’ गुडघे दुखत असले तर ‘खालच्या बाजूला ओरखडे आलेत.’ आणि मामी रागावलेल्या असल्या, तर दाराकडे मान वळवून हळूच सांगतात, ‘आवाज गेलाय. चित्र चालू आहे.’

त्यांना सख्खे भाचे किती ते मला माहीत नाही, पण मानलेले भाचे देशभर असावेत. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार महोत्सवाच्या पहिल्या वर्षापासून अडतिसाव्या वर्षापर्यंत परीक्षकांना सिनेमे दाखवायचं काम या एका माणसानं केलं. आज ज्यांचे फोटो मोठमोठ्या भिंतींवर लागतात, त्यांची पहिली रिळं मामांच्या बोटांतून गेली आहेत. ‘मी त्यांना ओळखतो’ असं मात्र मामा कधी म्हणत नाहीत. ‘जोडकाम वाईट होतं त्यांचं. दर जोडाला पट्टी सुटायची,’ एवढंच म्हणतात.

पहिल्या वर्षी ‘महोत्सव’ हा शब्द जरा सैलच होत होता. सिनेमे अकरा, बक्षिसं तीन, आणि जागा म्हणजे एका वाचनालयाची खोली. खिडक्यांना काळे कागद चिकटवले, पण नेहमीचे एक वृद्ध वाचक उठायला तयार होईनात. त्यांची वर्गणी भरलेली होती. ते चार दिवस अंधारात शब्दकोश उघडून बसून राहिले आणि शेवटी परीक्षकांना म्हणाले, ‘सातवा बरा होता.’ पहिल्या वर्षीचं पहिलं बक्षीस सातव्यालाच गेलं. मामा शपथेवर सांगतात.

त्या वर्षी पदकंही वेळेवर तयार झाली नाहीत. विजेत्यांना मखमलीच्या रिकाम्या डब्या दिल्या आणि कानात सांगितलं, ‘घरी जाऊन उघडा.’ एकाला राहवलं नाही. त्यानं मंचावरच डबी उघडली, आत पाहिलं, डबी छातीशी धरली आणि म्हणाला, ‘यापेक्षा जास्त मी काहीच मागितलं नव्हतं.’ टाळ्यांचा कडकडाट झाला. बावीस वर्षांचे मामा मशीनमागे उभे राहून इतके हसले की पुढच्या सिनेमाचं पहिलं रीळ उलटं लागलं.

महोत्सव वाढत गेला. पाचव्या वर्षी सिनेमे चाळीसवर गेले आणि परीक्षकांचा जीव कासावीस झाला. तोपर्यंत कंटाळा आला की कुणीही ‘बस!’ म्हणून ओरडायचं. मग दुसरा म्हणायचा, ‘का बस? चालू दे!’ तिसरा म्हणायचा, ‘तुमचा मेहुणा आहे का त्यात?’ त्यावरून एकदा प्रकरण छत्रीपर्यंत गेलं. छत्री मोडली. त्या मोडक्या छत्रीतून एक नियम जन्माला आला.

नियम असा. पहिली तीन रिळं, म्हणजे साधारण अर्धा तास, सगळ्यांनी निमूट बघायची. तिसरं रीळ संपत आलं की बटणं चालू व्हायची; मग ज्याला सिनेमा पुढे बघायचा नाही त्यानं खुर्चीच्या हाताखालचं बटण दाबायचं. परीक्षक सात. वर मशीनच्या खोलीत एक लाकडी पेटी, तिच्यावर सात तांबडे दिवे. चार दिवे लागले की मामांनी त्या क्षणी मशीन बंद करायचं आणि तो सिनेमा स्पर्धेतून बाद. कुणी बटण दाबलं हे शेजारच्यालाही कळायचं नाही. दर वर्षी वायरमन तारांची अदलाबदल करायचा, त्यामुळे कुठला दिवा कुणाचा हे मामांनाही कळायचं नाही. किती दिवे लागलेत हे मात्र साऱ्या देशात फक्त एका माणसाला दिसायचं.

‘केवढा अधिकार!’ मी एकदा म्हणालो.

‘अधिकार कसला, बटणाचा नोकर,’ मामा म्हणाले. ‘ते खाली दाबणार, मी वर दाबणार.’

पण त्या नोकरीतून मामांनी एक पथ्य काढलं. कुणीतरी वर्ष-दोन वर्षं घासून केलेली गोष्ट अर्ध्यावर तोडायची, हे त्यांच्या हाताला पटायचं नाही. म्हणून थांबवलेला प्रत्येक सिनेमा ते दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, परीक्षक यायच्या आत, चौथ्या रिळापासून शेवटपर्यंत चालवायचे. पण रिकाम्या खुर्च्यांना काय दाखवणार? म्हणून नुकतंच लग्न झालेल्या मामींना त्यांनी पहिल्याच सकाळपासून न्यायला सुरुवात केली.

‘लोकांना नवरा सिनेमाला नेतो,’ मामी सांगतात. ‘मला नेलं ते उरलेल्या सिनेमाला. वर्षानुवर्षं मला कुठल्याच गोष्टीची सुरुवात माहीत नव्हती. कोण कुणाचा बाप, कोण का रडतंय, काही पत्ता नाही!’

मामी पहिल्या रांगेत विणकाम घेऊन बसायच्या. आणि त्यांनीही एक रीत पाडली. शेवटपर्यंत पाहिलेल्या सिनेमाला बक्षीस मिळालंच पाहिजे. मग तो कसाही असो. तपकिरी पुठ्ठ्याच्या एका वहीत त्या प्रत्येक सिनेमाचं नाव, तारीख आणि त्याला दिलेलं बक्षीस लिहायच्या. ‘उत्कृष्ट जिना.’ ‘उत्कृष्ट शिंक (खलनायकाची).’ ‘दार आपटण्यातील सातत्य.’ एका फारच वाईट सिनेमापुढे नुसतं लिहिलं आहे: ‘पडदा स्वच्छ होता.’ त्याच खोलीत दिवसा राष्ट्राची बक्षिसं ठरायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामींची. राष्ट्राच्या बक्षिसांवर दर वर्षी पेपरात गदारोळ व्हायचा. मामींच्या निकालावर आजवर एकही आक्षेप आलेला नाही.

आता अठराव्या वर्षाकडे येतो. मामांच्या आयुष्यात इतर सगळी वर्षं एका बाजूला आणि हे एक दुसऱ्या बाजूला.

त्या वर्षी एकशे चार सिनेमे होते. शेवटून तिसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, म्हणजे परीक्षकांच्या पापण्या सगळ्यात जड असतात त्या वेळेला, एका अनोळखी बाईंचा सिनेमा लागला. बाई पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. सिनेमा एका उचलत्या पुलाच्या राखणदाराचा. जहाज आलं की पूल वर उचलायचा, गेलं की खाली. पहिल्या तीन रिळांत जहाज येतच नाही. माणूस चाकांना तेल घालतो. पितळी दांडा पुसतो. खिडकीतून नदी बघतो. परत तेल घालतो.

पहिलं रीळ संपताना मामी डबा घेऊन वर आल्या. त्या दिवशी मामा डबा घरीच विसरले होते.

‘काय चाललंय?’ त्यांनी विचारलं.

‘तेल घालतोय.’

मामी खिडकीच्या चौकोनातून बघत उभ्या राहिल्या. दुसरं रीळ संपत आलं.

‘अजून तेलच घालतोय?’

‘हूं.’

‘तुमच्यासारखाच आहे हो.’

ते वाक्य मामांना लागलं. कारण खरंच होतं ते. एक माणूस, एक खोली, एक यंत्र. बाहेरून इशारा आला की हात चालवायचा, एरवी तेल घालत बसायचं. सतरा वर्षांत हजारभर सिनेमे दाखवले, त्यात राजे होते, चोर होते, वेडे होते, पण मशीनच्या खोलीतला माणूस पडद्यावर पहिल्यांदाच दिसत होता.

तिसरं रीळ संपायला आलं आणि बटणं चालू होताच पेटीवर पहिला दिवा लागला. मग दुसरा. मामांनी पुढच्या मशीनवर चौथं रीळ चढवून ठेवलेलं होतंच. तिसरा दिवा लागला. पडद्यावर राखणदाराच्या हातून तेलाचा डबा निसटला आणि घरंगळत, घरंगळत, कडेपर्यंत गेला. फार वेळ गेला त्यात.

चौथा दिवा लागला.

‘अहो, चार,’ मामी म्हणाल्या.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात काळा ठिपका उमटला. रीळ बदलायचा इशारा. आता मामांसमोर दोन खटके: डावीकडे ‘बंद’, उजवीकडे ‘पुढचं मशीन.’ तेरा वर्षं चार दिव्यांना हात डावीकडेच जात होता.

‘अहो, चार!’

हात उजवीकडे गेला.

चौथं रीळ सुरू झालं. मामींनी तोंडावर पदर धरला. ‘नोकरी जाईल!’

‘जाईल.’

‘मग बंद करा ना!’

‘एक मिनिट. जहाज आलं.’

आणि खरंच आलं होतं. धुक्यातून एक प्रचंड जहाज. राखणदार उठला, दांड्याला हात घातला, पूल उचलू लागला, आणि पुलाच्या पलीकडच्या टोकाला त्याला सोडून गेलेली त्याची मुलगी उभी. ती अकरा वर्षांनी आली आहे आणि मधला पूल वर चाललाय. थांबवता येत नाही. जहाज मोठं, नदी रुंद, आणि ती दोघं एकमेकांकडे बघत उभी.

पण मामी सिनेमा बघतच नव्हत्या. त्यांची नजर पेटीवर होती. चार दिवे ढणढणा जळत होते. खाली चार भली माणसं बटण दाबून बसली होती आणि सिनेमा का थांबत नाही याचा विचार करत होती. प्रत्येकाची समजूत एकच झाली असणार: बाकीच्यांनी दाबलं नाही. म्हणजे बाकीच्यांना यात काहीतरी दिसतंय आणि आपल्यालाच दिसत नाही. आता अशा वेळी मोठा माणूस काय करतो? चष्मा नीट करतो, सरसावून बसतो आणि डोळे फाडफाडून बघायला लागतो.

तीन मिनिटं गेली. एक दिवा विझला.

‘विझला!’ मामींनी मामांचा दंड धरला. ‘अहो, एक विझला!’

बटण परत वर ओढता यायचं. चार दिवे लागल्यावर ते आजवर कुणी केलं नव्हतं, कारण तेवढा वेळच कधी मिळाला नव्हता.

‘तीन आहेत. आता तीनच आहेत. म्हणजे नियमात बसतं ना?’

‘आता बसतं. मघाशी नव्हतं.’

‘मघाचं मरू द्या!’

दुसरा विझला. मामी बोटं मोडायला लागल्या. तिसरा लुकलुकला, विझला, परत लागला. ‘अरे मेल्या, ठरव की काय ते!’ मामी पेटीवर ओरडल्या. तो विझला. उरला एक. एवढ्यात पडद्यावर जहाज पुढे सरकलं आणि पूल इंचाइंचानं खाली यायला लागला. मामींचं पेटीकडे लक्ष, मामांचं पडद्याकडे, दोघांचे श्वास वर टांगलेले. पूल टेकला तेव्हा झालेला ‘ठक्’ आवाज सिनेमातला की खालच्या बटणाचा, हे दोघांनाही आजवर सांगता येत नाही. पण पेटी काळीकुट्ट झाली होती.

मामींनी मामांना मिठी मारली. मग भान येऊन म्हणाल्या, ‘जेवला नाहीत तुम्ही अजून.’

त्या वर्षीचं सुवर्णपदक पुलाच्या सिनेमाला मिळालं. मानपत्रात लिहिलं होतं, ‘प्रेक्षकाच्या संयमावर विश्वास ठेवल्याबद्दल.’ भूगोलाच्या बाई मंचावर म्हणाल्या, ‘मला वाटलं होतं, तिसऱ्या रिळानंतर तुम्ही थांबवाल.’ सातही परीक्षक एकदम हसले. थोडे जास्तच मोठ्यानं.

बाई जिंकल्या होत्या, पण नियमानं त्या स्पर्धेतच नव्हत्या. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर मामांची नोकरी जाणार, ती गेली तर गेली. बाईंचं पदकही जाणार. म्हणून दोघं नवरा-बायको गप्प बसले. एक दिवस नाही, एक वर्ष नाही. बत्तीस वर्षं.

मधल्या काळात महोत्सव कुठल्या कुठे गेला. तीन बक्षिसांची त्रेपन्न झाली. रिळं गेली, खोक्याएवढ्या डब्यांच्या जागी खिशात मावणारी चकती आली, मग चकतीही गेली. मामांच्या शेवटच्या वर्षी एका तरुण तंत्रज्ञानं त्यांना संगणकावर सिनेमा सुरू करून दाखवला. ‘बघा मामा, एक टिचकी. झालं.’ मामा म्हणाले, ‘आणि तेल कुठे घालायचं?’ सात दिव्यांची पेटी काढून ठेवली. पुलाच्या बाईंनी आणखी नऊ सिनेमे केले आणि पन्नासाव्या वर्षी त्या स्वतःच परीक्षक मंडळाच्या अध्यक्ष झाल्या.

त्या वर्षी मामांना महोत्सवाच्या चिटणीसांचं पत्र आलं. मी ते वाचून दाखवलं, कारण मामांचा चष्मा मामींनी लावला होता. सुवर्णमहोत्सवानिमित्त मामांचा सन्मान होणार होता. ‘दीर्घ सेवेत एकदाही नियमभंग न करणाऱ्या कर्मचाऱ्याचा, अध्यक्षबाईंच्या हस्ते.’

मी ‘अभिनंदन!’ म्हणून ओरडलो. दोघंही ओरडले नाहीत. मामी खाली बसल्या. मामा म्हणाले, ‘वाचा परत. कुणाच्या हस्ते?’

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा ही सगळी हकीकत कळली. दोघं माझ्यासमोरच भांडायला लागले.

‘तब्येतीचं कारण सांगा आणि जाऊ नका,’ मामी म्हणाल्या.

‘तब्येत फोकसमध्ये आहे.’

‘मग जा, नारळासारखं तोंड बंद ठेवा, घ्या आणि या.’

‘त्यांच्याच हातून? एकदाही नाही म्हणून? अगं, ज्यांच्यासाठी मोडला त्यांच्याच हातून घेऊ?’

‘आणि सांगितलंत तर त्यांचं पदक जाईल त्याचं काय? सबंध आयुष्य उभं आहे त्यांचं त्या पदकावर!’

मामांनी माझ्या हातातलं पत्र घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, ‘आधी त्यांना एकट्यांना सांगतो. पदक त्यांचं आहे. पुढचं त्या ठरवतील.’

समारंभाच्या दिवशी सकाळी रंगीत तालीम होती. जुनी परीक्षकांची खोली आता प्रदर्शनात मांडली होती: सात खुर्च्या, दोन मशीनं आणि काचेच्या कपाटात ती पेटी. अध्यक्षबाई काचेपाशी उभ्या होत्या. पांढरे आखूड केस, गळ्यात दोरीचा चष्मा. सोबत चिटणीस, हातात नियमावली, जणू जन्मापासून धरलेली. मी आणि मामी दाराशी थांबलो. मामा सरळ गेले आणि तयार केलेलं भाषण विसरले.

‘बाई, तुमच्या सिनेमाला चार दिवे लागले होते,’ ते म्हणाले. ‘मी थांबवला नाही.’

चिटणीसांच्या हातून नियमावली पडली. बाईंनी चष्मा लावला.

‘केव्हा लागला चौथा?’

‘तेलाचा डबा घरंगळला तेव्हा.’

‘मला वाटलंच होतं!’ बाईंनी काचेवर थाप मारली. ‘संकलक सांगत होता मला, तो डबा लांबलाय, कापा. मी ऐकलं नाही. किती वेळ होते चार?’

‘तीन मिनिटं. मग विझत गेले.’

‘विझत गेले?’

‘सगळे. पूल टेकला तेव्हा एकही नव्हता.’

बाई खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा हसावं की रडावं अशा दोन मशीनांमध्ये अडकला होता. मग चिटणीसांकडे वळून त्या सरळ आवाजात म्हणाल्या, ‘माझं पदक बेकायदा आहे. बघा, काय करायचं ते. आजच करू.’

मामींनी माझा हात घट्ट धरला. चिटणीस जमिनीवर बसूनच पानं उलटायला लागले. चार दिवे म्हणजे बाद: कलम सहा, बरोबर. बाद चित्रपटास पुरस्कार नाही: कलम सात, बरोबर. एकेका कलमागणिक मामा खचत होते. कलम चौदापाशी चिटणीसांचं बोट थांबलं.

‘निकालावरील हरकत तीस दिवसांच्या आत लेखी,’ त्यांनी वाचलं आणि वर बघितलं. ‘मामा, तुम्हाला बत्तीस वर्षं उशीर झालाय.’

मामी मोठ्यानं हसल्या. मग सगळेच. मामा तेवढे हसले नाहीत.

‘आता काय?’ बाईंनी विचारलं. ‘सुटलो ना आपण दोघं?’

‘तुम्ही सुटलात,’ मामा म्हणाले. ‘मला नियम मोडल्याचं फार वाईट नाही वाटत, बाई. एकदाच मोडला, त्याचं वाटतं. चारशे बारा सिनेमे थांबवले मी. त्यांना तीन मिनिटं दिली असती तर किती दिवे विझले असते, कुणास ठाऊक.’

ज्या प्रश्नानं माणूस बत्तीस वर्षं झोपेत कूस बदलत होता, तो असा दिवसाढवळ्या सात खुर्च्यांसमोर येऊन उभा राहिला होता.

‘नऊ,’ मामी म्हणाल्या.

सगळे वळले. मामींनी पिशवीतून तपकिरी वही काढली.

‘चारशे बारापैकी नऊ. बाकीचे चारशे तीन तुम्ही थांबवलेत ते उपकार केलेत लोकांवर. मी पाहिलेत ना सगळे! पण नऊंना थांबवायला नको होतं. खुणा केल्यात मी.’

‘मला कधी बोलली नाहीस ते?’

‘तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही विचारायचात, चित्र स्पष्ट होतं का!’

बाईंनी वही हातात घेतली आणि उभ्याउभ्याच वाचत सुटल्या. ‘उत्कृष्ट शिंक’पाशी खळखळून हसल्या. ‘उत्कृष्ट गाढव’पाशी खूण होती, तिथे थांबल्या. ‘हे काय?’

‘सर्कसवाल्याचा सिनेमा,’ मामी म्हणाल्या. ‘सुरुवात मी काही पाहिली नाही, पण यांनी सांगितलं, तीन रिळं तो तंबू शिवणाऱ्याशी भांडतोच आहे. मग चौथ्यात तंबू विकतो, घोडे विकतो, आणि गाढव काही केल्या जायला तयार होत नाही. इतकं समजून काम केलंय त्यानं! मी एक बाही चुकीची विणली त्या दिवशी.’

संध्याकाळी मंचावर मामांनी सन्मान घेतला. पण आधी ध्वनिक्षेपकापाशी जाऊन सगळी गोष्ट सांगितली, मशीन, तेल, चार दिवे, सगळं. सभागृहात जी काही शिट्ट्या-टाळ्यांची लाट उठली, ती बघून मामा सवयीनं मागे बघायला लागले, पडद्यावर काय चाललंय म्हणून. त्यानंतर बाईंनी जाहीर केलं, की मामींच्या वहीतल्या नऊ सिनेमांचा शोध सुरू झाला आहे, एक सापडलाही आहे, आणि तो महोत्सवाच्या शेवटच्या दिवशी सकाळी दहाला दाखवला जाईल. पूर्ण.

तो गाढवाचा होता. फिल्म धुणाऱ्या रसायनशाळेच्या गोदामात डबे निघाले. सिनेमा काढणारे गृहस्थही सापडले. त्यांनी त्या एका सिनेमानंतर हाय खाऊन चष्म्याचं दुकान टाकलं होतं.

त्या सकाळी मामा आयुष्यात पहिल्यांदा खाली, खुर्चीत बसले. मशीन काढून परत लावलं होतं, चालवायला त्यांचाच जुना शिष्य होता, तरी दर दहा मिनिटांनी मामांचा उजवा हात आपोआप हलायचा आणि मामी तो धरून मांडीवर ठेवायच्या. मामींना मात्र वेगळाच आनंद झाला होता. ‘अहो, सुरुवात!’ त्या सारख्या सांगत होत्या. ‘मला पहिल्यांदा सुरुवात दिसतेय! हा त्याचा भाऊ होय? मी इतकी वर्षं नोकर समजत होते!’

चष्मेवाले त्यांच्या शेजारीच बसले होते. मामींची आणि त्यांची ओळख कुणी करून दिली नव्हती, वहीचंही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सर्कसवाला तंबूवाल्याशी भांडत होता. मागच्या रांगेत कुणी जांभई दिली, कुणी खोकलं. तिसऱ्या रिळाच्या शेवटी उजव्या कोपऱ्यात काळा ठिपका उमटला. चष्मेवाल्यांनी खुर्चीचे हात धरले आणि अंधारातच उठायला लागले. एकदा थांबवलेला सिनेमा परत थांबताना बघायची त्यांची छाती नव्हती.

मामींनी त्यांचा कोट धरून त्यांना खाली ओढलं.

‘बसा हो, भाऊ. जाताय कुठे? गाढव यायचंय अजून.’

ते तसेच अर्धे उभे राहिले. ‘तुम्हाला कसं माहीत?’ ते कुजबुजले. ‘याचं चौथं रीळ कुणीच पाहिलेलं नाहीये.’

‘कुणीच काय? मी पाहिलंय. बक्षीस दिलंय तुमच्या गाढवाला,’ मामी म्हणाल्या. ‘आता गप्प बसा आणि बघू द्या.’

मामांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पडद्यावर गाढव आलं.